गाठीनं धाडलेला वानवळा

आमच्या डाळजमध्ये अशी बातमी होती की, आक्काबाईनं नवऱ्याच्या डोक्यातली गाठ पुण्याहून स्टीलच्या डब्यात घालून आणली आणि रोज सकाळी झाकण उघडून ती तिला शिव्या घालते. बातमी खोटी. डबा रिकामा होता. ती गोठ्यात गेल्यावर मी स्वतः झाकण उघडून पाहिलं. शिव्यांचं मात्र खरं. त्या ती पुण्याच्या दिशेला तोंड करून घालते, कारण गाठ तिकडं आहे आणि अजून जिवंत आहे.

आक्काबाई माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये एक शेवगा आणि तीस वर्षांची भांडणं. ती मेंढरांच्या तळावर जन्मली, कळपामागं चालत वाढली, लग्नानंतर मेंढरं विकून शेतीला लागली. पण तिचा खरा हात डूख धरण्यात. एकदा एका एसटी कंडक्टरनं तिला डाळजला उतरवायचं विसरून पळसदेवला नेऊन सोडलं. भर उन्हात चालत आली. अकरा वर्षांनी तो निवृत्त झाला. निरोपाचा हार गळ्यात घालून तो स्टँडवर बसलेला असताना ही त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पळसदेव आलं, उतरा."

अशा बाईशी एका गाठीनं वैर घेतलं.

तिचा नवरा म्हस्कूराव बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला. रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन. दोन वर्षांपूर्वी एकाच महिन्यात तो तीनदा माझ्या उसात घुसला, तिन्ही वेळा डावीकडं.

"म्हस्कूराव, ऊस तोडायला कोयता लागतो," मी म्हणालो. "मोटारसायकलनं न्हाय तुटत."

तो हसला. आक्काबाई हसली नाही. तिनं त्याला अंगणात सरळ चालायला लावलं. तो डावीकडं कलत कलत पाण्याच्या टाकीला जाऊन टेकला.

"ह्यास्नी चक्री झालीया," ती म्हणाली.

चक्री हा मेंढरांचा रोग. मेंदूत पाण्याचा फोड होतो आणि मेंढरू एकाच अंगाला गोल गोल फिरत राहतं. आक्काबाईच्या बापानं असे फोड काढलेले. फोड निघाला की मेंढरू सरळ चालतं आणि गोष्ट संपते. हसू नका, दुखणं डोक्यात आहे हे तिनं डॉक्टरांच्या आधी ओळखलं होतं. चुकली ती पुढं. फोड काढला की संपलं, असं धरून बसली.

पुण्यातल्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. गाडी माझी, म्हणून मीही तिथं होतो. आक्काबाई मांडीवर डबा घेऊन बसलेली. फोड निघाला की घरी नेऊन चुलीत घालायचा, एवढंच तिच्या मनात. इतक्यात तिची भाची स्वप्नाली एक कागद घेऊन आली. ती तिथल्याच एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तपासणीपुरता तुकडा ठेवून बाकीची गाठ संशोधनाला द्यायची का, असा तो कागद. गाठीच्या पेशी तिथं काचेच्या ताटलीत जगवतात.

"जगवता?" आक्काबाई कडाडली. "माझ्या वैरिणीला तुमी खाऊपिऊ घालणार?"

"मावशे, ही मेंढराच्या फोडासारखी न्हाय. काढली तरी सगळी निघत न्हाय. ती आजूबाजूच्या पेशींना पिशव्या धाडती. इतक्या बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकातबी दिसत न्हाईत. त्यात निरोप असत्यात. शेजारची चांगली पेशी पिशवी आत घेती आन् निरोपाबरहुकूम वागाय लागती. गाठीला रक्त आणून देती, वाट करून देती. राखणीवरच्या पेशीसुदिक गप्प बसत्यात."

आक्काबाईनं मांडीवरचा डबा बाजूला ठेवला.

"म्हंजी वानवळा धाडती."

आमच्याकडं शेतातलं पहिलंवहिलं काही निघालं, शेंगा म्हणा, हुरडा म्हणा, की शेजारी पिशवीभर धाडायचं. तो वानवळा. तो कुणी परत करत नाही आणि खाल्ल्यावर निदान आठ दिवस तरी त्या घराविरुद्ध जीभ उचलत नाही. आक्काबाई दर वर्षी मला भुईमुगाच्या शेंगा का धाडते, हे मला त्या दवाखान्यात कळलं.

"शेजारी वानवळा खात्यात आन् तिच्या बाजूचं हुत्यात," ती म्हणाली, आणि बघितलं माझ्याकडं.

"चुलीत घातलीस तर तिचं गुपित तिच्यासंगं जळंल," स्वप्नाली म्हणाली. "आमाला दिलीस तर पिशवी न् पिशवी उघडू. कुणाला काय धाडलं ते वाचू. धाडणंच बंद करता येतं का बघू."

"आन् हे बरं हुतील?"

"न्हाय गं मावशे. ह्यांच्यापतूर ते पोचणार न्हाय. खोटं कशाला सांगू?"

आक्काबाईनं सही अशी दाबून केली की कागद फाटला. "जगवा तिला," ती म्हणाली. "पर सुखानं न्हाय."

म्हस्कूराव सरळ चालत घरी आला. चौदा महिने माझा ऊस शाबूत राहिला. मग एके दिवशी तो पुन्हा डावीकडं कलला. वानवळा आधीच घरोघर पोचला होता. नरसिंहपूरला संगमात राख सोडली, तेव्हा आक्काबाई रडली नाही. स्वप्नालीला एवढंच विचारलं, "ती हाय का अजून?"

"हाय."

"दाखीव मला."

गेल्या महिन्यात मीच घेऊन गेलो. पडद्यावर गाठीच्या पेशी हातपाय पसरून बसल्या होत्या. "ते गेलं आन् ही रांड नांदतीया," आक्काबाई म्हणाली. स्वप्नालीनं दुसरी ताटली दाखवली. तिच्यात पिशव्या बाहेर पडू न देणारं औषध घातलेलं. तिथल्या शेजारच्या पेशी गाठीला सामील झाल्या नव्हत्या. "ताटलीत जमाय लागलंय," स्वप्नाली म्हणाली. "माणसात कवा जमंल, सांगता येत न्हाय." आक्काबाई काचेपाशी वाकली आणि गाठीला जे बोलली ते छापता येणार नाही. तिथल्या एका संशोधक मुलीनं ते वहीत उतरवून घेतलं असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

परत येताना भिगवणजवळ मी तिला डिवचलं. "आक्का, चुलीत घातली असती तर त्याच दिवशी जीव थंड झाला असता की. सूड कसला घेतलास? उलट पोसतीयास."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आप्पासाहेब, जाळली असती तर ती सुटली असती. कंडक्टरासाठी मी अकरा वर्षं थांबली, हिनं तर माझा नवरा नेलाय. आन् डब्याची बातमी गावभर कुणी धाडली तेबी मला ठावं हाय. औंदा तुमाला शेंगा न्हाईत."