जमीन हलली नव्हती

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. संगीताला तर नाहीच. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगतोय — आणि आता लपवायचाही कंटाळा आलाय.

मी लातूरच्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. संगीता माझी बायको. भूकंप झाला तेव्हा ती शाळकरी पोर होती, औशाकडच्या एका खेड्यातली. त्या पहाटे घर पडलं. ती निघाली, तिची आई आणि धाकटा भाऊ नाही निघाले. लग्नानंतरही ती कधी घरात झोपली नाही. दिवसभर आत वावरायची, पण झोपायला अंगणातलं पत्र्याचं शेड. डोक्यावर स्लॅब असला की तिचा डोळाच लागत नसे. मी समजावून समजावून थकलो, मग समजावणं सोडलं.

आणि मग — हसाल तुम्ही — ते काम एका समुद्रफुलानं केलं. नावाला फूल, पण असतो तो दगडाला पायानं चिकटून राहणारा समुद्रातला जीव. पोरांना खरं काहीतरी दाखवता यावं म्हणून मी घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली होती. लातुरात, जिथं प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथं माझा समुद्र! नांदेडच्या दुकानातून ते समुद्रफूल पिशवीभर पाण्यात, एसटीत मांडीवर धरून आणलं. संगीताला मीच बजावलं, त्याला हात लावायचा नाही. ते स्वतःच्या पायानं फिरतं, जागा पसंत पडली की आपोआप बसतं.

ते फिरत राहिलं. ती बघत राहिली. स्वयंपाक उरकला की टाकीसमोर चटई टाकायची — आज कुठवर आलं? एकदा तिथंच तिला झोप लागली. स्लॅबखाली. मी उठवलं नाही. दुसऱ्या दिवशीही तिथंच. समुद्रफूल एका दगडाच्या मागच्या कपारीत बसलं, आणि तिचं अंथरूण घरात आलं. त्या दिवसांत मी किती सुखात होतो, हे सांगायलाही आता लाज वाटते.

मग काय झालं? काही नाही हो. क्लासचे मालक जेवायला येणार होते. मी त्यांच्यापुढे समुद्रफुलाची भरपूर फुशारकी मारलेली, आणि ते बसलेलं पाठीमागं. समोरून दिसायचंच नाही. संगीता भाजी आणायला गेली होती. मी क्लासचं प्लास्टिकचं ओळखपत्र घेतलं आणि त्याच्या पायाखाली सरकवलं. सुटेना. जोर केला — दगड घसरला, पाय फाटला. तो पाय ओढायचा नसतो, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?

संगीता आली. "हे कसं झालं वो?"

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? चिडली असती, चार दिवस बोलली नसती. माझ्या तोंडून निघालं, "मघाशी जमीन हलली ना जराशी. दगड घसरला."

हेच का? दुसरं खोटं सुचलं नसतं? तिचं काय होईल ते मला माहीत नव्हतं का? माहीत होतं.

तिनं पिशवी खाली ठेवली आणि शेजारच्या शबानाभाभींना विचारायला गेली. वाटलं, आता पकडला जाणार. भाभी म्हणाल्या, "हाव, माझ्याबी ताटल्या वाजल्या की!" मालक आले, तेही म्हणाले, गाडीत जाणवलं खरं. आमच्याकडे असंच आहे — कुणी जमीन हलली म्हटलं की सगळ्यांनाच ती हललेली आठवते. जेवणं अंगणात झाली. संगीता आत यायलाच तयार नव्हती.

समुद्रफूल दोन-तीन दिवसांत विरघळून गेलं. टाकी काढून टाकली. संगीताचं अंथरूण शेडमध्ये गेलं, ते इतक्या वर्षांनी अजून तिथंच आहे. उन्हाळ्यात पत्रा तापतो, थंडीत तिची कंबर धरते. दर वर्षी ठरवतो, आता सांगू — आणि सांगत नाही.

तेव्हापासून ती मलाही आत झोपू देत नाही. "तुमाला काय झालं तर मी काय करू?" एवढंच म्हणते.

आत्ता दिवस मावळलाय. तिनं दोन अंथरुणं घातली आहेत. शेडला एकाच बाजूला विटांची भिंत आहे. त्या बाजूला ती स्वतः झोपते. माझं अंथरूण रोज मोकळ्या बाजूला असतं.