आदर्श पाठ अडला त्या दिवशी

जत तालुक्यात कर्नाटकच्या हद्दीजवळ आमची दोनशिक्षकी शाळा. तिथं उंब्रजच्या एक मॅडम नव्यानं रुजू झाल्या. पहिलीचा वर्ग त्यांच्याकडं, मोठी मुलं माझ्याकडं. पहिलीतली निम्मी मुलं मेंढपाळांची, घरी कन्नड बोलणारी. मॅडम जीव तोडून शिकवायच्या, मुलं टुकूटुकू बघायची. दिवाळीनंतर त्या मला म्हणाल्या, "सर, मुलांना मी कळत नाही आणि मला मुलं. आपल्याकडची परिषद झाली की राजीनामा देते."

मला फार वाईट वाटलं. पण परिषद तोंडावर आलेली, त्यामुळं समजूत घालायचं राहून गेलं.

महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात, ती शिक्षण परिषद. त्यात एक आदर्श पाठ होतो. त्याची तालीम आधीपासून चालते आणि न बोलणारी मुलं त्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसवतात. पाहुणे शिक्षकही आपापल्या शाळेत हेच करून आलेले असतात, म्हणून टाळ्या जोरात पडतात. या खेपेला परिषद आमच्या शाळेत होती आणि विषय वरून आला होता, 'शाश्वत विकासात शिक्षकाची भूमिका'. मॅडमचा पाठ पाण्यावर होता.

रीतीप्रमाणं मी गप्प मुलं माझ्या खोलीत घेतली. पाठाची वेळ झाली आणि मॅडम स्वतः येऊन त्यांना घेऊन गेल्या. पहिल्या रांगेत बसवलं.

नदीचं चित्र दाखवून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?" तालीम झालेल्यांचे हात वर. मॅडमनी ते खाली घ्यायला लावले आणि पुढच्या एका मुलीला विचारलं. ती मान खाली घालून बसली. मॅडम आमच्याकडं वळल्या. "रोज इथंच अडतं. पुढं काय करायचं मला येत नाही. कुणी सांगाल का?"

परिषदेत असं कुणी विचारत नाही. मोबाईलमध्ये बुडालेल्या मानासुद्धा वर झाल्या. शेवटी निवृत्तीला आलेले एक गुरुजी उठले. "आवं मॅडम, मलाबी कवा जमलं न्हाई. सांगायची लाज वाटायची, एवढंच."

मग एकेकाचं तोंड उघडलं. या पोरांनी नदी बघितलीय कुठं, टँकरपासून सुरू करा, कुणी म्हणालं. त्यांच्या भाषेतला शब्दही फळ्यावर लिहा, दुसरं कुणी म्हणालं. जेवण गार झालं तरी कुणी उठेना. देश घडवायच्या गप्पा नंतर मारू, आधी शिक्षकाला चारचौघांत 'मला येत नाही' म्हणता आलं पाहिजे, असं माझं त्या दिवशी मत झालं. ते अजून तसंच आहे.

मॅडम मुलांना अंगणातल्या टाकीपाशी घेऊन गेल्या. त्या मुलीनं टाकीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "नीर." वर्गात परत आल्यावर मॅडमनी फळ्यावर 'पाणी'शेजारी तिचं कन्नड 'नीर' लिहिलं.

संध्याकाळी आम्ही दोघं फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. राजीनाम्याचं विचारायला माझी जीभ रेटेना. तेवढ्यात तीच मुलगी आईबरोबर मेंढरांमागून आली. थांबून मॅडमना म्हणाली, "नाळे बरतीरी?"

"काय म्हणतेय?" मॅडमनी मला विचारलं.

"उद्या येणार का, विचारतेय."

"आणि 'येते'ला काय म्हणतात?"

इतक्या वर्षांत कानावर पडलेलं, मी सांगितलं. मॅडम तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि अडखळत म्हणाल्या, "बरतीनि."