शेंदराखालचं पातं

साताऱ्याहून निघालो तेव्हा मागच्या सीटवर जुन्या नऊवारीत गुंडाळलेली तलवार आणि तिच्याशेजारी माझी थोरली काकू. देव्हाऱ्यातली ही तलवार वरातीत भाड्यानं मिळते तसली आहे, असं धाकट्या काकांनी भावकीत जाहीर केलं होतं. येत्या दसऱ्याला ती पूजेत ठेवायची नाही म्हणे. वर्षानुवर्षं तिची पूजा केली काकूनं. तिचा जीव कासावीस झाला, म्हणून हा प्रवास.

ड्रायव्हरला रस्ता मी सांगत होतो, त्यामुळे नेरूळचं वळण चुकणं भागच होतं. तुर्भ्याच्या ट्रकांत अडकून, काकूची बोलणी खाऊन, माघारी शिरवण्याला नानांच्या घरी पोचलो.

नाना इथलेच आगरी, धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, जुन्या शस्त्रांचे जाणकार. कॉलेजात शुद्ध बोलत असतील, घरात नाही.

"आदी जेवा, मंग तलवार," ते म्हणाले. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (खाडीच्या चिखलातल्या माशांचं) कालवण. काकूनं आधी नाक मुरडलं, मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पात्यावर शेंदराची पुटं चढलेली. "ह्यो काढल्याबिगर काय कलनार नाय," नाना म्हणाले. देवाचा शेंदूर खरवडायचा? काकू घुटमळली. मग नानांच्या पत्नीकडून नारळ मागून तिनं तलवारीपुढे ठेवला, हात जोडले आणि मानेनं होकार दिला. नाना बांबूच्या कामटीनं शेंदूर उचलून विड्याच्या पानावर ठेवू लागले. एक कण खाली पडू दिला नाही त्यांनी.

मुठीजवळ दोन अर्धचंद्र दिसले, कडेला बारीक दाते.

"भाड्याची नाय ही! पातं फिरंगी हाय, समुद्रापारचं. तीनेकशे वर्सांचं तरी असंल. असला शिक्का आपले लोहारपन मारीत, पन पोलादाची घडन तिकडची वाटते. मूठ आपली, हितंच बसवलेली. आनि तुमच्या तेल-शेंदरानं गंज नाय लागला, काकू."

मी आनंदानं उडालोच. काकूचा चेहरा मात्र उतरला.

"म्हंजे परकी?"

नानांनी पान दोऱ्यानं बांधून तिच्या हाती दिलं. "तेलात कालवून परत लावा."

घाट संपेपर्यंत काकूनं ते पान मांडीवर धरून ठेवलं. साताऱ्याला पोचलो तर दारातच धाकटे काका उभे.

"काय मग, कुठली निघाली?"

काकूनं तलवार देव्हाऱ्यात ठेवली, पान सोडलं, तेल घेतलं.

"परमुलखातली हाय. लई जुनी. मीबी परक्या घरनंच आले हितं. आता काढून दाखवा, भावजी."

मी तिथूनच शिरवण्याच्या दिशेनं हात जोडले.