मिठागरवाल्याचा पाय

माझे सासरे काशीरामबाबा मोडतील पण वाकणार नाहीत, उरणच्या वाटेवर कुणालाही विचारा. निम्मा जन्म मिठागरात अनवाणी गेला. मिठागर जाऊन तिथं रस्ता आला, आम्ही पनवेलला मोठ्या घरात आलो, दारात गाडी आली आणि बाबांच्या रक्तात साखर आली. चप्पल मात्र आली नाही. म्हणायचे, "पायाला जमीन कळली पाहिजे."

घ्या, कळली. अंगणात गंजका खिळा तळपायात घुसला आणि साखरेनं बधिर झालेल्या पायाला त्याचा पत्ताच लागला नाही. जखम चिघळली तेव्हा वासानं आम्हाला समजलं.

इंजेक्शनं झाली, त्याहून महागडी इंजेक्शनं झाली, ताप हटेना. पू तपासायला दिला, तर रिपोर्टात एकेका औषधापुढं एकच शब्द, रेझिस्टंट. डॉक्टर म्हणाले, "हे जंतू औषधांना निर्ढावलेत. जखम साफ करून चांदीचं ड्रेसिंग लावून बघू. सोमवारपर्यंत फरक पडला नाही, तर पाऊल काढावं लागेल." त्या दिवशी माझा नवरा धनेश जेवलाच नाही. बाबांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

ड्रेसिंगला एलिशेबा सिस्टर घरी यायच्या. इथल्याच जुन्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरातल्या. भाऊबंद सगळे परदेशी गेले, ह्या राहिल्या. आवाज असा, की आमचा कुत्रासुद्धा नीट बसायचा. काळपट पट्टी दाखवून त्या म्हणाल्या, "ह्यात चांदीचे कण आहेत, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. जंतू औषधाची एक वाट अडवायला शिकतो, चांदी त्याला चारी बाजूंनी धरते. पण पट्टी ओली राहिली पाहिजे, आणि ह्या बाटलीतल्याच पाण्यानं. दुसरं घालायचं नाही."

बाबांनी मान डोलावली. "सुनेला कशाला तरास? माझा मी घालतो." तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ते आपणहून कुणाचं ऐकत नाहीत.

शुक्रवारी सकाळी पट्टी सोडली, तर जखम जशीच्या तशी. पट्टीच्या कडेला काहीतरी पांढरं वाळलं होतं. सिस्टरांनी ते हातमोज्यातल्या बोटांत चुरून बघितलं.

"काशीरामदादा, पाणी कुठलं घालता?"

"बाटलीतलं."

खोटं बोलताना बाबा छताकडं बघतात. मी पलंगाखाली हात घातला, तर मिठाच्या पाण्याची बरणी. सिस्टरांनी दिलेली बाटली बिचारी भरलेलीच होती.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, पाऊल जायची वेळ आली आणि तुम्ही हे करता?"

"मिठागरात पाय कापला की खाऱ्या पाण्यात बुडवायचा नि दुसऱ्या दिशी कामाला. मिठावर आमी जगलो. मिठाला नावं ठेवू नका."

"नावं कोण ठेवतंय?" सिस्टर म्हणाल्या. "चांदीला मीठ भेटलं की ती त्यालाच धरून बसते. जंतूंकडं जायला उरतच नाही."

पालथ्या घड्यावर पाणी. बाबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मग सिस्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"दादा, मिठाचं मला नका सांगू. आमच्या घरी मटणाला आधी मीठ चोळून ठेवतात, रक्त निथळलं की मगच शिजवायचं. माझ्या आजीच्याही आधीपासून. पण ते मेलेल्या मांसाला. तुमचा पाय मेलाय का?"

बाबांनी तोंड वळवून पायाकडं बघितलं.

"नाय," ते म्हणाले. "जिता हाय." आणि बरणीकडं हात केला. "ओत ती."

मोरीत ओतताना मला रडू फुटलं. आत्तापर्यंत रागाखाली भीतीच दाबून ठेवली होती.

मग बाटली माझ्या ताब्यात आली. सोमवारी डॉक्टरांनी जखम बघितली, पुन्हा बघितली. "कडांना निरोगी लाली यायला लागलीय. पाऊल काढायचं थांबू या." पुढं वास गेला, ताप गेला आणि जखम तळातून भरत वर आली. चांदीनं आपलं काम केलं, फक्त तिला मोकळं सोडायचं होतं.

जखम मिटल्यावर बाबा पहिल्यांदा घराबाहेर पडले ते सिस्टरांकडं. मी मागोमाग. पायात चप्पल होती, आणि त्याबद्दल मी अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. सिस्टरांनी दार उघडलं. बाबांनी खड्या मिठाची पिशवी पुढं केली.

"मटणाला ठेवा," म्हणाले. "माझा पाय चालत आलाय."