दोन सीटांच्या गाडीचा एसी

मे महिन्यात नागपुरात गाडीचा एसी बिघडला की ज्याला सांगाल तो एकच निदान करतो, गॅस संपला असेल. शेजारी तेच म्हणतात, दूधवालाही तेच म्हणतो. मी विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानांच्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळते, मला तरी थोडी जास्त अक्कल हवी होती. पण मीही आधी गॅसच तपासून आणला. गॅस भरपूर होता.

गाडी माझी. बसकी, लाल, आधी दुसऱ्या कोणी वापरलेली स्पोर्ट्स कार. पन्नाशीकडे झुकलेल्या, लग्न न केलेल्या बाईने घ्यावी अशी ही वस्तू नव्हे, असं आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीचं एकमत आहे. बाबांचंही तेच. सहा वर्षांत ते एकदाही तिच्यात बसले नाहीत. "दोनच जन बसते, अन् तेही निजून," एवढं बोलून दवाखान्यात जायला ऑटो बोलवायला लावायचे.

मग आत्याची खबर आली. ही बाबांची थोरली बहीण. बाबांची आई लवकर गेली, त्यांना हिनेच वाढवलं. पारशिवनीला असते, आता खाटेवरून उठत नव्हती. ताप हटत नव्हता. माणसं अजून ओळखते, लवकर या, असा निरोप होता.

बाबांना जायचंच होतं. पण एप्रिलमध्येच ऊन लागून ते अंगणात पडले होते, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की उन्हात काढू नका, काढायचंच तर थंड गाडीतून. मी म्हटलं, टॅक्सी करू. बाबांनी मान झटकली.

"पोरीची गाडी दारात असतानी भाड्याच्या गाडीनं जाऊ का बहिणीकडं?"

सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला माझी गाडी म्हटलं. आणि त्या गाडीचा एसी अर्ध्या तासात मान टाकत होता. पारशिवनी त्याच्या कितीतरी पुढे.

मी रोज पहाटे उठून बोनेटमध्ये डोकं घालू लागले. फ्यूज बघितला. हॉर्नचा रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारी डबी, काढून एसीला लावून बघितला. सगळं ठीक, आणि पहाटे एसीही अगदी शहाण्यासारखा गार हवा द्यायचा. मग बाबांची अंघोळ, स्वयंपाक, ड्यूटी. संध्याकाळी परत येताना तोच एसी तोंडावर भट्टी सोडायचा. आठवडाभरात मी इतकी थकले की एकदा भाजीत मीठ दोनदा घातलं आणि जेवतानाही मला ते कळलं नाही. बाबांना कळलं असणार. त्यांनी ताट संपवलं.

बिघाड उन्हातच दिसतो, तर तो उन्हातच शोधायला हवा, हे शेवटी डोक्यात शिरलं. रविवारी भर दुपारी पोर्चसमोर उन्हात गाडी चालू ठेवली. बाबा ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन खुर्ची ओढत बाहेर आले. मी ओरडलेच त्यांच्यावर. "तुमच्यासाठीच मरून राहिली ना मी इथं? आत जा!"

"चिल्लावू नको. आयकू दे मले."

बाबांची सारी नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून झाली. आता हात इतके थरथरतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. पण कान शाबूत आहेत. कंप्रेसरच्या तोंडाशी एक चकती असते. एसी लावला की आतलं चुंबक तिला ओढून फिरत्या पुलीला चिकटवतं आणि 'टक्' असा आवाज होतो. बाबा त्या टक्‌ची वाट बघत बसले होते. अर्ध्या तासाने एसी बंद करून मी पुन्हा लावला.

"नाही आला," बाबा म्हणाले. "चकती घासली वं. फट वाढली. थंड आहे तवर चुंबक वढते, तापलं का त्याच्यानं होत नाही. काडीनं ढकलून पाह्य."

लांब बांबूच्या काडीने मी चकती जपून आत लोटली. टक्. हवा गार झाली. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं, कारण आता ते सगळं खोलायचं होतं.

पुढच्या पहाटे गाडी जॅकवर चढवून, खाली लाकडी ठोकळे देऊन, चाक काढून मी पोत्यावर आडवी झाले. चकतीच्या मागे केसाएवढ्या पातळ तीन वायसर, म्हणजे धातूच्या कड्या, होत्या. एक काढली की फट कमी होते. ड्यूटीची वेळ होत आली होती, म्हणून मी घाईत दोन काढल्या. मग चकती एसी बंद असतानाही घासत राहिली. बाबांना न सांगता आवाजावरूनच कळलं. त्यांनी आपल्या जुन्या ट्रंकेतून फट मोजायच्या पोलादी पात्यांचा जुडगा आणायला लावला आणि दुसऱ्या दिवशी मला सगळं पुन्हा खोलायला लावलं. ते पातं सांगायचे, मी सरकवून बघायची. एक वायसर परत गेली. टक्.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. बाबांना सीटमध्ये उतरवताना दोघांचीही कंबर धरली. कामठीच्या पुढे ऊन असं तापलं होतं की रस्त्यावर पाणी दिसत होतं, आणि आत एसी गारच्या गार. दोन्ही पंजे बाबांनी हवेच्या जाळीवर धरून ठेवले होते. पारशिवनी जवळ आली तेव्हा ते चक्क कुडकुडत होते. मी बटणाकडे हात नेला.

"राहू दे."

मला वाटलं, म्हातारा अजून माझं काम तपासतोय. रागच आला. इतकं करून एक बरा शब्द नाही.

"दारापाशी लाव," ते म्हणाले. "अगदी दारापाशी."

मी त्यांना बाहेर ओढून काढलं तर ते माझ्या आधारासाठी थांबलेच नाहीत. दोन्ही हात आपल्या ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून तुरुतुरु आत गेले. आत पंखा बंद, वीज गेलेली. आत्या डोळे मिटून पडली होती. बाबांनी हात काढले आणि दोन्ही तळवे तिच्या कपाळावर ठेवले.

आत्याने डोळे उघडले.

"काहून रे बाबू," ती म्हणाली, "इतके थंडे हात?"

"पोरीनं केले," बाबा म्हणाले.