आबासाहेब नावाचा बैल

आपल्याला अक्कल कमी आणि तिचा डौल जास्त, हे कानिफनाथ स्वतःच हसत सांगायचा. राहुरीजवळच्या एका गोसंवर्धन केंद्रात एकाहत्तर साली कपाटाएवढा जुना संगणक आला आणि तो चालवायला कानिफनाथ हंगामी म्हणून लागला. हंगामी म्हणजे दर सहा महिन्यांनी घरी बसायची तयारी. सासुरवाडीत मात्र त्यानं सांगून ठेवलं होतं, मशीन माझ्याशिवाय हलत नाही!

मशीन होतं महाविसरभोळं. एक काम संपलं की डोक्यातलं सगळं साफ. दोनशे बारा गाईंची माहिती भोकं पाडलेल्या कार्डांवरून रोज सकाळी नव्यानं भरायची. बायको मनकर्णा म्हणाली, "आवो, आपली म्हैस बी सकाळी उठून मला वळखती. तुमचं लाखाचं मशीन न्हाई व्हय वळखत?"

शब्द झोंबला. कानिफनाथनं मशीनच्या मूळ कारभारातच हात घातला. एकदा आत गेलेलं जनावर आपोआप मशीनच्या चुंबकी तबकडीवर नोंदलं जावं, मशीन बंद करून चालू केलं तरी नावानं हाक मारताच हजर व्हावं. केंद्राचे मुख्य आबासाहेब म्हणाले, "जमलं तर तुला नोकरीत कायम करतो."

चार महिने खपला गडी. मधेच आबासाहेबांनी रजा नाकारली. त्या रागात त्यानं चाचणीसाठी एक जनावर भरलं. नाव आबासाहेब, बैल, वय बावन्न, काम शून्य, डुरकणं भरपूर. पोटभर हसला, कार्ड टराटरा फाडलं आणि घरी गेला.

महिन्यानं साहेबांसमोर परीक्षा. मशीन बंद केलं, चालू केलं, एकही कार्ड न घालता यादी मागितली. छपाईयंत्र खडखडलं. दोनशे बारा गाई आल्या, कानिफनाथची छाती फुगली. मग दोनशे तेरावं जनावर आलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, याचा तर छापून आला! कार्ड फाडलं की जनावर मेलं, हा मशीनचा जुना हिशोब. ते विसरणं त्यानंच बंद केलं होतं.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "याचं कार्ड?"

"महिन्यापूर्वीच फाडलं, साहेब."

"तरी बैल जिवंत?"

"व्हय, साहेब."

"काढून टाक."

"मशीनला काढायचा हुकूम... लिहायचाच ऱ्हायला, साहेब."

गेली नोकरी! मनकर्णाला काय तोंड दाखवायचं? साहेबांच्या मिशा जराशा हलल्या. "मग तुला कायम करणं आलंच. नाहीतर हा बैल काढणार कोण?"

काढायचा हुकूम आठ दिवसांत तयार झाला. विकलेल्या, मेलेल्या गाई त्या हुकुमानं यादीतून भराभर निघू लागल्या. त्र्याहत्तरला साहेबांची बदली झाली. निघताना त्यांनी शेवटची यादी मागवली आणि तळाशी बोट ठेवलं.

"अजून आहे हा?"

कानिफनाथ म्हणाला, "हुकूम हाय साहेब, पन हात उचलंना."

साहेबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "राहू दे. वय तेवढं चोपन्न कर."