धड नसलेले रोबो

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, वडशाला. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "फोन आपोआप बंद पडला," तेव्हा मी मनातल्या मनात हसतो. आपोआप काही होत नसतं... पाणी गेलेलं असतं, नाहीतर पोरानं आपटलेला असतो. भूतखेत, अंगात येणं, भानामती — ह्या सगळ्यांकडे मी असाच बघत आलोय. आजही बघतो. फक्त एक दुपार सोडून.

ती दुपार आज लिहायचं कारण वेगळंच आहे. जुन्या चिनी खेळण्यांच्या एका ग्रुपवर मी माझ्या कपाटाचा फोटो टाकला होता. पाच गाड्या जोडून एक मोठा रोबो होतो ना, तसल्या रोबोंनी भरलेलं कपाट. फोटो पाहून लोकांनी पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, एकालाही धड नाही?" खरंच नाही. हात आहेत, पाय आहेत, मधली लाल गाडी तेवढी नाही. मग चेष्टा सुरू झाली. कोणी म्हणालं, दुकानदारानं चांगलंच गंडवलं. काही भले लोक "माझ्याकडे जादा धड आहे, पाठवतो" म्हणून मेसेज करू लागले. त्यातले बरेच जण ह्या गोष्टींच्या ग्रुपवरही आहेत, म्हणून सगळं एकदाच सांगतो.

आमचं गाव वैनगंगेच्या काठाला, वडशापासून सायकलनं पाऊण तास. घर दोन खोल्यांचं. वर कवेलूंचं छप्पर, पुढे सपरी — म्हणजे तुमची ओसरी. पहिल्या खोलीत आरशाचा कोनाडा आणि पाण्याचा माठ. आतल्या खोलीत चूल, अगदी मागच्या भिंतीला लागून. त्यामुळे चुलीपुढे बसलेल्या बाईची पाठ दाराकडे व्हायची. हे एवढं लक्षात ठेवा.

बाबा झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत मेकपवाले होते. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावच्या मंडया सुरू होतात. आज ह्या गावची, उद्या त्या गावची. दिवसा जत्रेसारखा बाजार, रात्री नाटक. होळीपर्यंत कंपनी टेम्पोत बसून ह्या गावाहून त्या गावाला फिरत राहायची आणि बाबा तिच्यासोबत. उन्हाळा-पावसाळा ते घरीच असायचे, मजुरीला जायचे. पण हिवाळाभर आमच्या वाट्याला यायचा तो फक्त हॉर्न.

कंपनीचा टेम्पो आमच्या रस्त्यानं जायचा. ड्रायव्हर चौकात गाडी थांबवायचा आणि बाबा धावत घरी यायचे. माठातलं पाणी प्यायचे, कोनाड्यात काहीतरी ठेवायचे आणि निघायचे. आई चुलीपुढून म्हणायची, "जेवून जा." बाबा म्हणायचे, "टेम्पो उभा हाये." नाटकाचं सामान, हिरो-हिरोइनी, तबलेवाले, सगळे गाडीत खोळंबलेले... थांबणार कसे? आईला राग यायचा. ती पाठमोरीच बसायची, वळून बघायची नाही. "यायचं तं बसून जेवावं माणसानं. मी काय त्याच्या पाठीकडे पाहू?" असं ती मागाहून मला म्हणायची.

आणि मी शाळेत. तो हॉर्न वर्गात ऐकू यायचा, आणि गुरुजी सोडायचे नाहीत. एकदा पाणी प्यायचं निमित्त करून पळालो, तर चौकात नुसती धूळ आणि वळणावर टेम्पोचं मागचं फळकूट. घरी आलो तर कोनाड्यात पिवळी क्रेन. हे सगळं नव्वदच्या दशकाच्या शेवटी, चिनी खेळणी आमच्या मंडयांपर्यंत नुकती पोचली होती तेव्हाचं.

अख्खा खोका घेणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून मंडईतले दुकानदार खोका फोडून एकेक गाडी सुट्टी विकायचे. बाबांना काय माहीत की क्रेन म्हणजे रोबोचा डावा पाय? त्यांना वाटलं, गाड्या आहेत, पोराला आवडतात. पुढच्या खेपेला परत क्रेन. त्याच्या पुढच्या खेपेलाही क्रेन! मग हिरवी जीप आली — उजवा हात. एका हिवाळ्याअखेर माझ्याकडे एक हात आणि तीन डावे पाय होते.

त्या उन्हाळ्यात मी बाबांना समोर बसवून शिकवलं. खोक्यावरचं चित्र मी एका दुकानात पाहून ठेवलं होतं. बाबा हसत सुटले. "म्हनजे मी तुले लंगड्यायची फौज आनून राह्यलो होतो का रे?" पुढच्या हिवाळ्यात मग उजवा पाय म्हणजे निळा ट्रक आला, डावा हात म्हणजे पांढरी अ‍ॅम्ब्युलन्स आली. पण सुट्ट्या गाड्या वेगवेगळ्या खोक्यांतल्या, वेगवेगळ्या कारखान्यांतल्या. रंग तेच, पण खुंट्या कोणाच्या जाड, कोणाच्या बारीक. आम्ही दोघं सपरीत बसून ब्लेडनं खुंट्या तासून सारख्या करायचो. एका क्रेनची खुंटी माझ्या हातून तुटली, तर बाबांनी आगपेटीची काडी कापून तिथे बसवली, वरून दोरा गुंडाळला. "हा पाय आता सगळ्यायत पक्का," म्हणाले. त्यांच्या बोटांच्या पेरांत सफेदा कायम अडकलेला असायचा. नाटकवाल्यांच्या तोंडाला लावतात तो पांढरा रंग, खोबरेल तेलात कालवलेला. त्यांनी आणलेल्या प्रत्येक गाडीला तोच वास यायचा.

राहिलं होतं ते धड. लाल रंगाची आगीची गाडी. तिच्यातूनच रोबोचं डोकं वर निघतं.

मी सातवीत गेलो त्या हिवाळ्यात बाबा निघताना काडीवाला पाय पेटीत घालून घेऊन गेले. "आता धड घेन तं जोडूनच पाहीन," म्हणाले. "बसलं तरच घेन." मी त्या हिवाळ्यात प्रत्येक हॉर्नला कान टवकारून बसलो होतो.

धड आलं नाही. कुरखेड्याकडे कंपनी असताना बाबांना ताप भरला, तो डोक्यात गेला. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हॉर्न न वाजवता टेम्पो घरी आला तो त्याच एका वेळी.

आमच्याकडे गेलेल्या माणसासोबत चितेवर त्याच्या हातातली वस्तू ठेवतात. कोणाचा तंबाखूचा बटवा, कोणाची काठी. काकानं बाबांचा रंगाचा ब्रश ठेवला. त्यांच्या पेटीत मला तो पाय सापडला होता. मी तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. काका म्हणाला, "हे काऊन रे?" मी म्हटलं, "तिकडे धड भेटलं तं जोडून पाहायले पाहिजे नं." काकानं तोंड फिरवलं. वैनगंगेच्या काठावर चिता पेटली तेव्हा प्लास्टिक जळाल्याचा वास आला. लोक एकमेकांकडे बघू लागले. मला आणि काकालाच माहीत होतं तो कसला वास आहे. हे मी स्वतः पाहिलंय, ऐकीव नाही.

घरच्या कोनाड्यात उरले दोन हात, उजवा पाय आणि दोन जादा क्रेन, ज्यांच्या खुंट्या कधी सारख्या झाल्याच नाहीत. आईनं ते कधी हलवलं नाही. धूळ पुसायची आणि परत तसंच मांडायची.

आता त्या दुपारचं. मी तेव्हा एका मोबाईलच्या दुकानात नुकता कामाला लागलो होतो. आमच्याच गावच्या मंडईला घरी आलो. मंडईच्या दिवशी आमच्याकडे कोणी दार लावत नाही — पाहुणा कोण, कधी येईल सांगता येत नाही, आणि येईल त्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. आई सकाळपासून लाखोरीच्या डाळीचे वडे तळत होती. मी बाजारात गेलो. एव्हाना मोठा झालो होतो, पण खेळण्यांचं दुकान दिसलं की पाय आपोआप तिकडेच वळायचे. (आपोआप! बघा, मीही तेच म्हणतोय.) एका म्हाताऱ्या दुकानदाराला विचारलं, पाच गाड्यांच्या रोबोतली लाल गाडी आहे का?

"ते बंद झालं नं भाऊ," तो म्हणाला. "आता सारं रिमोटवालं. पोट्ट्यायले जोडाजोडी करत बसाले टाइम कुठी हाये?"

मी घरी परतलो. ऊन चांगलं तापलेलं होतं. पायरीवर चपला काढल्या, तोंड पुसायला आरशासमोर गेलो.

कोनाड्यात रोबो उभा होता.

दोन्ही पायांवर. दोन्ही हात बसवलेले. मध्ये लाल धड, डोकं वर काढलेलं. दोन्ही जादा क्रेन बाजूला नीट ठेवलेल्या. आणि डावा पाय... त्याच्या खुंटीच्या जागी आगपेटीची काडी, वर गुंडाळलेला दोरा. ना काळं पडलेलं, ना वितळलेलं. धडावर अंगठ्याएवढा पांढरा डाग होता. मी बोट लावलं. ओला होता. बोट नाकाशी नेलं. खोबरेलात कालवलेला सफेदा.

"कोण आलं होतं?" मी आतल्या दारातून विचारलं.

आई तळतच होती. "कोन येईन? तूच तं आलता मघा."

"मी आता येऊन राह्यलो."

"मी म्हटलं, हात धू, वाढते. तं तू म्हनला..." आणि ती थांबली. झारा कढईवर तसाच राहिला. "तू म्हनला, टेम्पो उभा हाये."

कढईतले वडे करपले. माठावरचं झाकण बाजूला होतं आणि लोटा उंबऱ्याजवळ रिकामा.

मी पळालो. अनवाणी, चौकापर्यंत. मंडईचा दिवस, चार गावचे टेम्पो उभे, दुकानांचे, नाटकाचे. प्रत्येकाजवळ गेलो. कोणाला काय विचारणार होतो, देव जाणे. वळणावर धूळ बसत होती. कोणती गाडी गेली म्हणून पानठेलेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आज काय एक गाडी जाऊन राह्यली का, भाऊ?"

परत आलो तेव्हा आई चुलीपुढेच होती, पण आता दाराकडे तोंड करून. रडत नव्हती. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"मी मांगं वळून नाई पाह्यलं रे. एक डाव तं पाहाचं होतं. काऊन नाई पाह्यलं मी?"

मी पुढे खूप डोकं खाजवलं. कोणीतरी चेष्टा केली म्हणावं, तर तो पाय मी माझ्या हातानं चितेवर ठेवला होता. तसाच दुसरा पाय कोणी बनवला म्हणावं, तर काडी कशी बसवली, दोरा कसा गुंडाळला, हे आम्हा बाप-लेकाशिवाय कोणाला माहीत नव्हतं. कंपनीतल्या जुन्या तबलेवाल्याला वडशाच्या स्टेशनवर गाठलं. तो म्हणाला, त्या हिवाळ्यात बाबा प्रत्येक मंडईत लाल गाडी शोधायचे, तो पाय खिशात घेऊन दुकान दुकान फिरायचे, कुठेच बसेना. हे ऐकून मी तिथेच लहान पोरासारखा रडलो.

पुढच्या वर्षी मंडईला मी सकाळपासून घरीच बसलो. आईनंही चहाशिवाय काही घेतलं नाही. हॉर्न वाजत राहिले. पहिल्या हॉर्नला आम्ही दोघंही उठलो. दिवस मावळेपर्यंत कोणी आलं नाही.

आई म्हणाली, "तुहा रोबो पुरा झाला नं आता. आता काऊन येईन?"

तिनं सहज म्हटलं असेल. मला मात्र ते फार लागलं. खरंच की... त्यांचं काम झालं होतं. पोराला धड द्यायचं राहिलं होतं, तेवढं देऊन गेले. आणि त्या वेळीही मी घरी नव्हतो.

मग मी रोबो जमवायला लागलो. नागपूरहून, ऑनलाईन, कोणाच्या माळ्यावरून. मिळाला की त्यातलं धड काढायचं आणि शेजारच्या एखाद्या पोराला देऊन टाकायचं. आमच्या आळीत आगीच्या गाड्या घरोघरी आहेत. उरलेले चार तुकडे कपाटात. बाबांनी जोडलेला तेवढा कोनाड्यातच आहे. तो मी सोडवला नाही, सोडवणारही नाही.

आईनं जुनी चूल फोडून नवीन घातली. आता ती दाराकडे तोंड करून बसते. धूर सगळा घरात येतो, डोळे चुरचुरतात. गॅस आणून दिला तोही तिनं तसाच मांडून घेतला. का, हे मी तिला विचारलेलं नाही. कपाटाबद्दल तीही मला विचारत नाही. मंडईच्या दिवशी ताट वाढून झाकून ठेवते आणि आम्ही दोघं दाराकडे बघत बसतो.

एवढ्या वर्षांत परत कोणी आलेलं नाही. त्या दुपारी काय झालं, मला आजही सांगता येत नाही.

पण ज्यांच्याकडे जादा लाल धडं आहेत आणि जे प्रेमानं पाठवायला तयार आहेत, त्यांचे आभार... कृपा करून पाठवू नका. ते आणून द्यायचं काम दुसऱ्या एका माणसाचं आहे.